वरच्या दांड्यावरून दिसलेली तोंडं

शिनोलीचे मास्तर आमच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "बाबा, तुम्ही देशोदेशीची माणसं खांद्यावरून वाहिली. कुठल्या देशाच्या माणसात कुठला गुण, ते आमच्या दिवाळी अंकाला लिहून द्या. जपानी शिस्तीचा, जर्मन कष्टाळू, असं लोक म्हणतात. तुम्हाला काय दिसलं?"

मी म्हणालो, "मास्तर, माझी शाळा चौथीपत्तोर. ती बी वर्गाला दार नव्हतं, म्हणून बाहेर कवा पडलो ते कळलंच न्हाई."

"मग तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

"माझं मी लिहीन. काना-मात्रा तुमी बघा. पण माझ्या म्हणण्याला हात लावायचा न्हाई."

ते हो म्हणाले. शब्दाचे पक्के आहेत, म्हणून हे जसंच्या तसं छापलं असेल असं धरून चालतो. वाक्य कुठं लंगडत असेल तर ते माझ्या गुडघ्याच्या खाती टाका.

लेण्याद्रीच्या पायथ्याला मी डोलीवाला होतो. तरणा होतो तेव्हापासून गुडघ्याची वाटी झिजेपर्यंत. डोली म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर शहरातल्या वाचकाला लग्नातली पालखी डोळ्यापुढं यायची. आमची डोली म्हणजे साधी वेताची खुर्ची. तिच्या दोन अंगांना दोन लांब बांबू काथ्यानं आवळलेले. बांबूंच्या दोन्ही टोकांना एकेक आडवा दांडा. दांडा खांद्यावर, खांद्यावर जुन्या धोतराची घडी, नाहीतर कातडं सोलतं. एक माणूस वरच्या दांड्याला, एक खालच्या. बसणारा जड असला तर दोघांचे चौघं. काम एवढंच. वर लेणी आहेत, गणपती आहे, ज्याला जे पाहिजे ते दाखवून त्याला सुखरूप खाली आणायचं.

आता ह्यातली मेख. बसणाऱ्याचं तोंड कायम डोंगराकडं ठेवायचं. चढतानाही आणि उतरतानाही. उताराकडं तोंड करून बसवला तर पहिल्याच पायरीला माणूस खुर्चीतून पुढं सांडेल. डोंगराकडं तोंड असलं की तो पाठीवर रेलून राहतो. चढताना त्याला वाट दिसते, पुढच्या माणसाची पाठ दिसते, तो खूश असतो, मोबाइलवर फोटो काढतो. उतरताना तो उलटा जातो. सगळी दरी त्याच्या पाठीमागं असते आणि ती त्याला दिसत नाही. दिसतं फक्त वरच्या दांड्यावाल्याचं तोंड, हातभर अंतरावर. खाली पोचेपर्यंत त्याला दुसरं काही बघायला नाही, आणि वरच्या दांड्यावाल्यालाही नाही.

मी जन्मभर वरच्या दांड्याला होतो. म्हणून माणसं मी उतरताना ओळखली.

खालच्या दांड्याला शंकर. उतारावर सगळं वजन खालच्या माणसावर येतं, आणि शंकरचे खांदे दरवाज्याच्या चौकटीसारखे. त्याची डोंगराच्या कुशीला थोडी शेती. बाजरी-हुलग्याच्या मधल्या वेळात डोली धरायचा. त्यानं जन्मभर बसणाऱ्यांच्या पाठी बघितल्या, आणि उतरताना तर पाठही नाही, नुसतं वजन. म्हणून खाली आल्यावर, गिऱ्हाईक गाडीत बसून गेलं की घाम पुसत त्याचा एकच प्रश्न असायचा.

"किसन्या, तोंड कसं व्हतं रं?"

मग मी सांगायचो. तो ऐकायचा. एवढं ऐकलं की त्याचा शीण जायचा म्हणे.

मी बौद्ध घरातला. माझ्या आबांनी धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होतो. त्या दिवसापासून आबांनी गावकी सोडली. गावकी म्हणजे बोलावलं की जायचं, सांगावे न्यायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि वर हात जोडायचे. ती सोडायला छाती लागत होती, आबांना ती होती. आणि त्यांच्या पोरानं खांद्यावर माणसं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "वझीच उचलायची व्हती, तर गावकी काय वाईट व्हती?"

मी म्हणालो, "आबा, गावकीत नगं म्हनता येत नव्हतं. हितं मी नगं म्हनू शकतो."

आबांनी मान हलवली. पण पोळलेल्या माणसाचा विश्वास नुसत्या बोलण्यावर बसत नाही, हे मला दिसलं.

नंतर एकदा एक गृहस्थ आले. सोन्याची चेन, पांढरे बूट. बसण्याआधी आमची नावं विचारली, मग आडनावं विचारली, मग शंकरला बाजूला घेऊन म्हणाले, तू ये, पण वरच्या दांड्याला दुसरा कुणी बघ. मी तोंड उघडायच्या आत शंकरनं खांद्यावरची घडी काढून त्यांच्या हातात दिली.

"ही घ्या. खालचा दांडा तुमी धरा. वरच्याला तुमाला कोन पायजे त्यो आना. मी चाललो चा प्यायला. चल रं किसन्या."

त्या दिवशी आमची दोघांची मजुरी बुडाली. संध्याकाळी मी आबांना सांगितलं. आबांनी विचारलं, "शंकर म्हनला आसं?" मी म्हणालो, व्हय. मग म्हणाले, "त्याला एकदा जेवाया आन." त्यानंतर आबांनी डोलीचा विषय काढला नाही. शंकर मात्र आमच्याकडं इतक्या वेळा जेवला की आईला तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

आमची दोघांची चढाओढ डोंगरावरून चालायची. तो रोज पहिल्या पायरीला हात लावून गणपतीचं नाव घ्यायचा. मी म्हणायचो, "तुझा देव आमच्या लेण्यात राहतो. त्याला भाडं विचार." तो म्हणायचा, "भाडं कशाचं? मपल्या देवामुळं तुपल्या लेण्यात मानूस येतंय, न्हाईतर तिथं वटवाघळं बसली असती." आणि मग दोघं मिळून त्याच देवाच्या नाहीतर माझ्या बुद्धाच्या पाहुण्याला उचलायचो. वजन दोघांचं सारखंच.

आता मास्तरांचा प्रश्न.

पिंपळवंडीची एक बागायतदारीण आली होती, आम्ही तिला आत्या म्हटलं. टोमॅटोत नशीब काढलेलं घर, हातात पाटल्या, जिभेवर दांडपट्टा. चढताना सगळी वाट आम्हाला शिव्या. "हळू रं मुडद्या! पोतं न्हाई मी, मानूस हाय!" शंकर मागून म्हणाला, "आत्या, पोतं बोलत नसतं, एवढाच फरक हाय." तिनं वरून त्याला चपलेचा धाक दाखवला. उतरताना मात्र ती गप्प. माझ्याकडं बघत बसली. मधल्या वळणाच्या खाली, जिथं पायऱ्या उंच आहेत, तिथं तिनं कमरेची चंची काढली, गुळाचा खडा काढला आणि माझे दोन्ही हात दांड्यात, म्हणून लेकराला भरवावा तसा माझ्या तोंडात घातला. "खा. घसा सुकला आसंल तुपला."

खाली शंकरनं विचारलं, "तोंड कसं व्हतं?"

"गूळ व्हता," मी म्हणालो. "आपली देशावरची बाई. वरून फणस."

लंकेहून दरवर्षी माणसं यायची. पांढरी वस्त्रं, हातात कमळाची नाहीतर चाफ्याची फुलं, चैत्यात बसून त्यांची प्रार्थना. त्यातली एक म्हातारी, वाळक्या शेंगेसारखी हलकी. ती उतरताना माकडानं झडप घातली आणि तिच्या मांडीवरची पिशवी ओढली. डोली एका अंगाला कलली. माझी टाच पायरीच्या कडेवरून सुटली. सुटली आणि परत बसली, पण मधल्या क्षणात काय झालं ते मला आणि त्या पायरीलाच ठाऊक. म्हातारी ओरडली नाही. तिनं बांबूवरच्या माझ्या मुठीवर आपले दोन्ही हात ठेवले आणि हसत हसत त्रिशरण म्हणायला लागली. मला काय, ते आबांनी चालायला लागल्यापासून पाठ करून घेतलेलं. मीही म्हणायला लागलो. तिचा सूर वेगळा, शब्द तेच. तिला माझं एक अक्षर कळत नव्हतं, मला तिचं कळत नव्हतं, पण तेवढं आम्हा दोघांना येत होतं. तेच म्हणत खाली आलो. पिशवी माकडानं वर झाडात नेली, तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

शंकरला मी सांगितलं, "हसत व्हती. लंकेची मान्सं भक्तीची. भ्या कशाला म्हनत्यात, ठावं न्हाई."

"अन् तू?"

"मी? भ्या कसलं! मपल्या तोंडावरची माशी बी हलत न्हाई."

हे मी त्याला नेहमी सांगायचो, आणि ते मला खरं वाटायचं.

जर्मनीचा एक गडी आला होता. दाराशी वाकून आत यावं लागेल असा उंच, उन्हानं लालबुंद, गुडघ्याला पट्टा. त्याला चौघं लागलो. ह्याची त्याला फार लाज वाटत होती. प्रत्येक थांब्यावर उतरून चौघांशी हात मिळवायचा. वर पोचल्यावर त्यानं हट्टानं दांडा स्वतःच्या खांद्यावर घेऊन बघितला, चेहरा वाकडा केला आणि शंकरच्या खांद्यावर हात फिरवला, जसा आपण बैलाच्या मानेवर फिरवतो तसा. शंकर लाजला. तो लाजलेला मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. उतरताना ह्या गड्यानं गाल फुगवले, डोळे गोल केले आणि आपल्या बँडवाल्यासारखी शीळ घालायला लागला. उंच पायरी आली की शीळ चढवायची, पार पडली की उतरवायची. हसून हसून माझ्या पायातलं अर्धं वजन गेलं.

"जर्मन म्हंजे गमत्या," मी खाली सांगितलं.

शंकर म्हणाला, "आन मला वाटलं, वर बँड लावलाय कुनी."

आहुप्याची एक आजी होती. देवराईच्या गावातली, कड्यावरची बाई, डोंगर उतरून बाजार केलेला. पडून मांडीचं हाड मोडलं होतं, नातवाला नोकरी लागली म्हणून तो तिला घेऊन आला. ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. "डोंगरात जलम गेला मपला, आन मला उचलनार व्हय?" नातू तिच्या पाया पडला तेव्हा कुठं बसली. श्रावणातली भुरभुर होती, पायऱ्यांवर शेवाळ. उतरताना मी खाली मान घालून एकेक पाय टाकत होतो. ती म्हणाली, "पोरा, पायाकडं नगं बघू. पायाला वाट ठावी आसती. मपल्याकडं बघ." पन्नाशी उलटली होती माझी आणि ती मला पोरा म्हणत होती. मी तिच्याकडं बघितलं. डोळ्यांभोवती सगळ्या सुरकुत्या, आणि आत दोन शांत डोळे. शेवाळावरून पाय आपोआप पडत गेले.

"आहुप्याची मान्सं धीट," मी शंकरला सांगितलं. "त्यांच्या अंगातच डोंगर हाय."

असा माझा हिशेब होता. लंकेची भक्तीची, जर्मन गमत्या, आहुप्याची धीट, पिंपळवंडीची मायाळू पण तोंडाळ. मास्तरांनी तेव्हा विचारलं असतं तर हेच लिहून दिलं असतं आणि मोकळा झालो असतो.

वाईटही आले, ते सांगितलं नाही तर खोटं होईल. पुण्याचा एक साहेब सगळी वाट आमच्यावर खेकसत उतरला, आणि एक गोरा पाहुणा आमच्या घामाच्या वासाला नाक दाबून. दोघांची खेकसायची आणि नाक दाबायची तऱ्हा वेगळी. खाली शंकरनं विचारलं की मी दोघांचं एकच सांगितलं, "तोंड नव्हतं. खुर्ची रिकामी व्हती."

गुडघा गेला तेव्हा मी डोली सोडली. शंकर माझ्यानंतरही थोडे दिवस होता, त्याचा पोरगा बाळू वरच्या दांड्याला घेऊन. मग एका सकाळी शंकर गोठ्यात पडला. पक्षाघात. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं, बोलणं जड झालं. नारायणगावच्या डॉक्टरांनी बरंच सावरलं आणि सांगितलं, ह्याला माणसात बसवा, बाहेर न्या, हा आतून विझायला नको.

पण शंकर भिंतीकडं तोंड करून पडला. ओट्यावर यायचा नाही. घास तोंडातून सांडतो म्हणून कुणासमोर जेवायचा नाही. त्याची बायको, कमलवहिनी, एकदा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भावजी, डाक्टर म्हनत्यात ते बरं व्हतील. पन त्यांनाच व्हयाचं न्हाई. मी गणपतीला बोलले, ह्यांना तुझ्या दारात आनीन. आता कसं आनू?"

मी आत गेलो. "शंकर, डोलीत बस. बाळू हाय, पायथ्याचा इकास हाय, चार खांदं हायती."

त्यानं भिंतीकडूनच उत्तर दिलं. शब्द ओले ओले यायचे, पण मला कळायचे. "मी... उचलनारा. बसनारा न्हाई. एकदाच बसंन... ते चौघांच्या."

"गाढवा, ते बसत न्हाईत, निजत्यात."

हसला नाही. शंकर माझ्या टोमण्याला हसला नाही, असं कधी झालं नव्हतं.

मी रोज जायचो. रोज तेच. पाऊस सरला, दिवाळी गेली. तो दिवसेंदिवस लहान दिसायला लागला. एक दिवस मला राग आला, खरंच राग आला. मी म्हणालो, "तुला लाज वाटती व्हय? लंकेच्या म्हातारीला लाज नव्हती, त्या जर्मनाला व्हती तरी त्यो बसला. आहुप्याची आजी बसली. ती समदी तुझ्याहून हलकी व्हती का?"

तो हळूच वळला. ओढलेल्या तोंडानं म्हणाला, "तू... बसशील?"

हा प्रश्न माझ्या वर्मी बसला. लेण्याद्रीला गेलो नाही त्याला वर्षं झाली होती. पोरं म्हणायची, आजोबा, नेतो. मी म्हणायचो, मला जायचंच नाही, सगळं बघितलंय. ते खोटं होतं. चैत्यातला तो थंडावा मला स्वप्नात यायचा. पण ज्या खांद्यानं लोकांना नेलं तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा, हे मला मरणाहून अवघड होतं. आबांचंच रक्त.

मी म्हणालो, "बसंन. मी आधी बसंन. मग तू."

शंकरनं माझ्याकडं बघितलं. "बघू... तरी," म्हणाला. ती पहिली वेळ, त्यानं भिंत सोडून काहीतरी बघायचं मनावर घेतलं.

मार्गशीर्षातला साधा वार धरला, गर्दी नको म्हणून. माझ्या डोलीच्या वरच्या दांड्याला विकास, आताच्या डोलीवाल्यांतला, चांगला दोन लेकरांचा बाप, पैलवानी अंगाचा. शंकरच्या डोलीच्या वरच्या दांड्याला त्याचा बाळू. पायथ्याला सगळे दुकानदार बाहेर येऊन उभे. नारळवाल्या म्हातारीनं तर कमरेवर हात ठेवून विचारलं, "किसन पाव्हणं, आज उलटी गंगा?" मी म्हणालो, "गप, नायतर तुला मांडीवर घीन." आणि बसलो. शंकरला बसवलं. त्यानं डाव्या हातानं पहिल्या पायरीकडं बोट केलं. बाळूनं वाकून त्याच्या नावानं पायरीला हात लावला.

चढलो. चढणं सोपं असतं, सांगितलंच. वर शंकरला गणपतीसमोर ठेवलं, कमलवहिनी आधीच चढून येऊन हात जोडून उभी होती. मी शेजारच्या चैत्यात जाऊन बसलो. कुणाचं काय बोलणं झालं ते ज्याचं त्याच्यापाशी. बाहेर आलो तर शंकर समोरच्या शिवनेरीकडं बघत होता, आणि त्याच्या हातात केळं होतं, आणि तो ते सगळ्यांसमोर खात होता. सांडत होतं. कमलवहिनीनं पुसायला पदर पुढं केला, त्यानं मानेनं नको म्हटलं. मला वाटलं, काम झालं.

मग उतरणं.

माझी डोली पुढं निघाली. विकासनं दांडा उचलला, माझी पाठ दरीकडं गेली, आणि पहिल्या पायरीला मी भ्यालो. खोटं कशाला बोलू. मागं काय आहे ते दिसत नाही. ती वाट मला झोपेत येते, तरी वाटलं, मागं काहीच नाही. मी बांबू घट्ट धरले आणि वर बघितलं.

समोर विकासचं तोंड. दात आवळलेले, कपाळाची शीर ताठ, ओठ पांढरे. डोळे एकदा पायाकडं, एकदा माझ्याकडं, एकदा पायाकडं. पैलवान गडी, पण भ्यालेला होता. माझ्यासारखं म्हातारं हाड आपल्या हातून सांडलं तर, ह्या भयानं त्याचं तोंड पिळवटलं होतं.

आणि माझं तोंड आपोआप हसलं. भ्यालो होतो तरी हसलं. मी म्हणालो, "झ्याक चाललंय इकास. घाई न्हाई. मी आरामात हाय." त्याच्या ओठांत रंग आला. पुढची पायरी नीट पडली. उंच पायऱ्या आल्या तेव्हा मी त्याला त्याच्या धाकटीचं नाव विचारलं, मला ठाऊक असून. तो सांगायला लागला आणि पायऱ्या पार पडल्या.

तेव्हा, त्या मधल्या वळणाखाली, मला आठवलं. इथंच आत्यानं गूळ घातला होता. "घसा सुकला आसंल." घसा सुकलेला तिला कशावरून दिसला? लंकेच्या म्हातारीनं हात माझ्या मुठीवर ठेवले, स्वतः बांबू धरायचे सोडून. जर्मनाची शीळ उंच पायरीलाच चढायची. आहुप्याची आजी म्हणाली, मपल्याकडं बघ.

माझ्या तोंडावरची माशी हलत नाही, असं मी समजत होतो. माझ्या तोंडावर काय होतं ते फक्त त्यांना दिसत होतं. जन्मभर मी भ्यालेला होतो, प्रत्येक उतरणीला, आणि ज्याला मी खुर्चीत बसवलं तो स्वतःचं भय गिळून मला धीर देत होता. कुणी देवाच्या नावानं, कुणी शिळेनं, कुणी गुळानं. तऱ्हा ज्याच्या त्याच्या मुलखाची. करत होते सगळे एकच. आणि मी खाली येऊन शंकरला ऐटीत सांगत होतो, ही जात अशी, तो देश तसा.

खाली मला उतरवलं. मी दगडावर बसून वर बघत राहिलो. शंकरची डोली येत होती. जन्मात पहिल्यांदा मी शंकरची पाठ खुर्चीत बघितली. त्याच्या वर बाळूचं तोंड, घामानं निथळलेलं, आणि शंकर त्याला काहीतरी बोलत होता. हळूहळू, एकेक शब्द. बाळू मान हलवत होता.

डोली टेकली. बाळू बाजूला जाऊन पाणी प्यायला. मी शंकरच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि त्याचाच प्रश्न त्याला विचारला.

"शंकर, तोंड कसं व्हतं रं?"

त्यानं पाणी पिणाऱ्या बाळूकडं बघितलं. मग म्हणाला, "भ्यालं व्हतं."

बाळू तिकडून ओरडला, "न्हाई हां बा! कुटं भ्यालो?"

"गप. भ्यालं व्हतं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मी म्हनलं... भिऊ नगं. म्या हाय."

कपही धड धरता येत नव्हता त्याला. आणि म्हणतोय, म्या हाय.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, इतकं निरखून त्यानं मला कधी बघितलं नव्हतं. मग त्याचा चांगला डोळा बारीक झाला.

"किसन्या... म्हंजी तू बी?"

"व्हय."

"समदी वर्सं?"

"समदी."

"आन मला सांगत व्हतास... माशी..."

आणि तो हसला. अर्ध्या तोंडानं, लाळ गळत, खुर्ची हलेपर्यंत हसला. कमलवहिनी घाबरून पायऱ्या उतरत आली, तर दोन्ही म्हातारे हसतायत आणि दोघांचे डोळे गळतायत. आता तो रोज ओट्यावर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, किसन्या जन्मभर भ्याला. सांगू दे.

तर मास्तर, कुठल्या देशाच्या माणसात कुठला गुण, ते मला वाटून दाखवता येत नाही. जे दिसलं ते एवढंच. खाली टेकवल्यावर ती माणसं हात जोडायची, आम्हीही जोडायचो. मी मनात म्हणायचो, बघा, कसं नीट आणलं तुम्हाला. त्यातली बरीच आता नसतील. असती तर मी त्यांना उलट सांगितलं असतं, की नीट तुम्ही आणलंत मला.